अकरा आणि बारा नंबरचे कप्पे

"हे समदं तू लिव्हलंस?" मल्लिनाथ सरांनी चष्मा कपाळावर सरकवला.

वैष्णवीनं मान हलवली. समोर डबा उघडा होता, पण तिनं अजून एकही घास घेतला नव्हता. खाली टॉवेलच्या कारखान्यातले माग खडखडत होते आणि वरच्या मजल्यावरच्या या ऑफिसात बाकीचे आठ जण निवांत जेवत होते. सरांनी चौदा वर्षांपूर्वी आपल्या हातानं रचलेलं काम तिनं मोडून नव्यानं मांडलं होतं, आणि मंजुरी द्यायची होती ती सरांनीच. सोमवारी गिऱ्हाइकाकडं नव्या प्रोसेसरची मशिनं यायची होती. मंजुरी मिळाली नाही तर ती मशिनं नुसती बसून राहणार, आणि मिळाली तर सरांना काय वाटणार?

एका खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात दहा खोटे कॉम्प्युटर चालवायचे, हा या ऑफिसचा धंदा. प्रत्येक खोट्या कॉम्प्युटरला स्वतःचे रजिस्टर असतात, म्हणजे हाताशी ठेवलेले छोटे कप्पे. कुठल्या कप्प्यात काय आहे, हे गिऱ्हाइकांच्या प्रोग्रामांना विचारता आलं पाहिजे. सरांनी तेव्हाच्या प्रोसेसरला बरोब्बर बसेल असा एक साचा केला, त्यात प्रत्येक कप्प्याची जागा मोजून पक्की केलेली, आणि त्याला नाव दिलं 'वाच'. पुढं नवा प्रोसेसर आला, कप्पे वाढले, साचा तोकडा पडला. म्हणून 'वाच_नवं' आलं. त्यामागून 'वाच_नवंनवं'. मग सरांनी वैतागून 'वाच_शेवटचं' लिहिलं, आणि दोन वर्षांत 'वाच_शेवटचं_२' लिहायची पाळी आली. यावरून सगळे हसायचे, सरसुद्धा हसायचे. वैष्णवी मात्र कधी हसली नाही. मोडनिंबहून नवीनच आलेल्या तिला शेजारी बसवून एकेक कप्पा समजावणारे हेच सर होते, आणि तिचा त्यांच्यावर फार जीव होता.

"साचाच ठेवला न्हाईस की," सर म्हणाले.

"नाही सर. नंबर द्यायचा, त्या कप्प्यातलं उत्तर घ्यायचं. उद्या नवा कप्पा आला तर त्याला नवा नंबर. बाकी कशाला हात लावायचा नाही."

"आन् नसलेला नंबर मागितला तर?"

"तेवढ्या एकाला 'माहीत नाही' म्हणतं. बाकीच्यांची उत्तरं देतं."

"माझी पाच नावं?"

"आहेत की सर. जुने प्रोग्राम त्याच नावांनी हाक मारतात. आत काम नवंच करतं."

सरांनी आजूबाजूला नजर टाकून आवाज खाली आणला. "अकरा आन् बारा नंबरचं काय केलंस?"

वैष्णवीला कळलं, हाच खरा प्रश्न. पहिल्या साच्यात सरांकडून या दोन कप्प्यांची अदलाबदल झाली होती. ध्यानात येईपर्यंत गिऱ्हाइकांनी आपापले प्रोग्राम त्या उलट्या उत्तरांना जुळवून घेतले होते. आता कुणी शहाणपणानं ते सरळ केलं तर चौदा वर्षांची चालती कामं एका दिवसात कोलमडली असती. सरांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं; वैष्णवीला ते जुना कोड उलगडताना सापडलं होतं.

"तुम्हीच बघा की सर."

सरांनी स्वतः टाइप केलं. 'वाच'ला अकरा मागितला, बाराचं उत्तर आलं. बारा मागितला, अकराचं आलं. नव्या पद्धतीनं मागितलं तेव्हा दोन्ही जागच्या जागी. मग त्यांनी आतला कोड उघडला. त्यांच्या चारशे ओळींच्या जागी नऊ ओळी होत्या. वर तिनं टीप लिहिली होती: 'हे उलटं आहे, आम्हाला माहीत आहे. कृपया सरळ करू नये. पुष्कळ लोकांचं काम यावर चाललं आहे.' शिवाय कुणी सरळ करायला गेलंच तर लगेच लाल दिवा दाखवणारी एक चाचणीही खाली जोडलेली होती.

"कुनाची चूक, ते लिव्हलं न्हाईस."

"त्याची काय गरज, सर?"

सरांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं उगीचच पुसत बसले. मग मंजुरीचं बटण दाबलं, तिच्या डब्यातली शेंगाचटणी चिमूटभर उचलून तोंडात टाकली आणि उठले.

"आज घरी गेल्यावर बायकोला सांगतो," ते म्हणाले. "तिला वाटतं, माज्या चुका एवढ्या जपून ठेवणारी ती एकलीच हाय."