राणोजीरावांच्या हातची भवानी

ताटात विड्याची पानं, सुपारी, केळी आणि मोगऱ्याचा गजरा मांडून हेजिन राणोजीरावांच्या घराचा जिना चढत होती. कोरियातून आलेल्या बाईला हे ताट मांडायला शिकवलं होतं कनकानं. कनका म्हणजे राणोजीरावांची मुलगी, शाळेत शिक्षिका.

उद्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, शोळिंगनल्लूरला हेजिनचं दुसरं दुकान उघडायचं होतं. होतं नव्हतं ते सगळं तिनं त्यात घातलं होतं. ते बुडालं तर जॉर्ज टाउनमधलं पहिलंही जाणार, आणि गाशा गुंडाळून मायदेशी परत. म्हणून उद्याची भवानी राणोजीरावांच्याच हातची हवी होती. दुसऱ्या कुणाचा हात तिला चालणार नव्हता.

पहिल्या दुकानाचे सुरुवातीचे दिवस ती विसरली नव्हती. नवरा इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात, आणि ही कागदवाल्यांच्या गल्लीत गोड पुरण भरलेले वाफवलेले पाव मांडून बसलेली. लोक काचेतून बघत, हसत आणि पुढे जात. माश्या मारत बसावं म्हटलं तर माश्यासुद्धा शेजारच्या मिठाईवाल्याकडे.

शेवटी बाजूच्या कागदाच्या व्यापाऱ्याला, गिरीधरला, तिची दया आली.

"मॅडम, तुमची भवानी कोण करतं?"

"म्हणजे?"

"सकाळचं पहिलं गिऱ्हाईक. त्याचा हात चांगला असला की दिवस चांगला जातो. आम्ही माणूस पारखून घेतो."

देश तसा वेश. हेजिन माणूस पारखायला लागली, आणि तिला फार शोधावं लागलं नाही. रोज सकाळी पांढरी लुंगीसारखी वेष्टी नेसलेले एक म्हातारे गृहस्थ दुधाची चरवी घेऊन, मान खाली घालून गल्लीतून जात. ते जाईपर्यंत एकही शटर वर जात नसे. आत दिवे लागलेले असत, पंखे फिरत असत, पण शटर खालीच. समोरून येणारा हमालही गाडी बाजूला घेऊन थांबे. ते वळणाआड गेले की खडखड खडखड सगळी गल्ली उघडे. एवढा मान हेजिननं तिच्या गावच्या मुख्याध्यापकांनाही मिळताना पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं दारात खुर्ची मांडली आणि त्यांना तमिळ रीतीनं आजोबा म्हणून हाक मारली.

"तात्ता, माझी भवानी तुम्ही कराल?"

ती दुसऱ्या कुणाला बोलावतेय की काय म्हणून म्हाताऱ्यानं मागे वळून पाहिलं. "मी?"

"तुम्हीच."

त्यांनी चरवी खाली ठेवली. मग एक पाव घेतला आणि नोट दोन्ही हातांनी पुढे केली. हेजिननंही ती तिच्याकडच्या रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी घेतली आणि कमरेत वाकली. राणोजीरावांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"वाफ लागली," ते म्हणाले.

ते गेल्यावर गिरीधर लगबगीनं आला. "त्यांना बोलावलंत? अहो, आधी विचारायचं तरी!"

"चुकलं का काही?"

गिरीधरनं डोकं खाजवलं. "आता झालं ते झालं. तुमचा देव वेगळा."

हेजिन काय समजायचं ते समजली. एवढ्या मोठ्या माणसाला असं वाटेत हटकायचं नसतं. पण परक्या बाईचा अडाणीपणा कधीकधी कामी येतो.

आणि आलाच की कामी! आधी बँकेतल्या मुली आल्या, मग बंदरावरचे कारकून. कोळुकट्टैसारखं, म्हणजे मोदकासारखं लागतंय म्हणत म्हणत घरी नेण्यासाठी बांधून घेऊ लागले. दोन वर्षांत दुपारनंतर एक पाव शिल्लक राहीना. राणोजीराव रोज पहिले. खुर्चीवर बसून सावकाश खात. फक्त सोमवारी पाव पानात गुंडाळून घरी नेत. गल्ली तोवर थांबलेली असे, आणि हेजिनला त्याचा कोण अभिमान!

"हे सगळं तुमच्यामुळे, तात्ता," ती रोज म्हणे.

"माझ्यामुळें नव्हे, अम्मा," ते रोज हात जोडत. मोठी माणसं अशीच बोलतात, असं तिला वाटे.

आज मात्र ताट पाहताच राणोजीरावांनी हात मागे घेतले.

"मी येत नाहीं, अम्मा. हें एक दुकान चाललं, पुष्कळ झालं. उद्यां दुसऱ्याचा हात घे."

"तुमच्याशिवाय मी शटर उचलणार नाही."

"तुझं सगळं लागलंय त्यांत. मज भय वाटतें." आणि ते उठून देवघरात गेले.

हेजिन ताट घेऊन जिन्यात आली. तिला रडू फुटलं. मागोमाग कनका आली आणि पायरीवर तिच्याशेजारी बसली.

"कनकाक्का, त्यांच्यामुळे माझं घर उभं राहिलं. मला साधे आभारही मानू देत नाहीत."

"आभार तर तेच मानतात तुझे. इतक्या वर्षांत त्यांच्यासाठी कुणी खुर्ची मांडली नव्हती. त्या दिवशी घरी येऊन देवापुढे बसले. म्हणाले, पोरीनं बोलावलं, मला नाही म्हणवलं नाही, आता तिला तूच सांभाळ. तेव्हापासून दर सोमवारी उपास करतात तुझ्या दुकानासाठी. तुला सांगायचं नाही अशी मला शपथ घातली होती."

"माझ्या दुकानासाठी उपास? ज्यांच्या मानासाठी सगळी गल्ली शटर खाली ठेवून थांबते, त्यांना कसली भीती?"

कनकानं ताटातला गजरा नीट केला. मग तो हेजिनच्याच केसांत माळला.

"अप्पांनी या गल्लीत तीन दुकानं काढली, हेजिन, तिन्ही बुडाली. तेव्हापासून गल्ली शटर खाली ठेवते, ते सकाळी सकाळी या पांढऱ्या पायाच्या माणसाचं तोंड दिसू नये म्हणून."