गरम कोपऱ्यावरचं भांडण

हवानाच्या बागेतल्या त्या कोपऱ्याला गरम कोपरा म्हणतात, पण आज तिथे सगळे कुजबुजत होते. काल रेडिओवर बातमी आली होती, नार्सिसो अरोचा गेला. एरवी रोज सकाळी बेसबॉलवरून एकमेकांच्या नरडीचा घोट घ्यायला उठणारी मंडळी आज टोप्या हातात धरून, माना डोलावत, असा फटकेबाज पुन्हा होणे नाही म्हणत होती.

एव्हेलिओ बाकावर एकटा बसला होता. चाळीस वर्षं त्याने इथेच अरोचाची बाजू लढवली होती. आज सगळे त्याचंच म्हणणं मान्य करत होते, येऊन खांद्यावर थोपटत होते. हो ला हो म्हणणाऱ्याशी काय डोंबल भांडणार?

त्याची सगळी भिस्त रेमिखिओवर होती. हा मेदेरोसचा भक्त. अरोचा मोठा की मेदेरोस, यावरून दोघांनी म्हातारपण गाठलं होतं.

रेमिखिओ आला तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. टोपी काढून त्याने छातीशी धरली.

"मी हरलो बाबा," तो म्हणाला. "अरोचाच मोठा. मेदेरोस त्याच्या पासंगालाही पुरायचा नाही."

मंडळींनी हळूच टाळ्या वाजवल्या. एव्हेलिओला वाटलं, अरोचा गेला काल, पण त्याला पुरलं ते आत्ता.

"शब्द मागे घे," तो म्हणाला.

"काय?"

"मागे घे म्हणतो ना. फायनलला तिन्ही बेसवर आपली माणसं उभी होती आणि अरोचा बॅट न हलवता बाद झाला. रोज ऐकवतोस. आज का गिळून बसलास?"

"मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, लेका."

"तुम्ही सगळे चांगलं बोलताय म्हणूनच तो मेलाय." एव्हेलिओ म्हणाला. "हात जोडतो, रेमिखिओ. बोल काहीतरी."

रेमिखिओने टोपी डोक्यावर चढवली आणि बाह्या वर सारल्या.

"बॅट हलवणार कशी? चेंडू दिसला तर ना. आणि पळणं तर विचारूच नका. साहेब पहिल्या बेसवर पोचेस्तोवर शेंगदाणेवाला बागेला चक्कर मारून यायचा."

मागे कुणीतरी खुदकन हसलं.

"चेंडू बाहेर होता," एव्हेलिओ ताडकन उठला. "वीतभर बाहेर. आंधळ्या पंचाने तो आत धरला. आणि तुझा मेदेरोस? डावखुरा पिचर चेंडू टाकायला आला की त्याची कंबर धरायची."

"मेदेरोसचं नाव काढायचं काम नाही."

"काढणार. काय करशील?"

झालं. दोन तट पडले. कुणी मेदेरोसचे होमरन मोजू लागला, कुणी अरोचाचे, आणि कोण काय म्हणतंय ते कुणालाच ऐकू येईना. एव्हेलिओचा जीव भांड्यात पडला. रेमिखिओच्या नाकासमोर बोट नाचवताना त्याच्या गालांवरून घळाघळा पाणी वाहत होतं.

"रडतोस काय म्हाताऱ्या?" रेमिखिओने ओरडून विचारलं.

"रडतोय कोण? चेंडू बाहेर होता, तेवढं कबूल कर."

"मेलो तरी करणार नाही."

"मग उद्या लवकर ये," एव्हेलिओ म्हणाला.