बसल्या जागी चढलेली उंची

केबिनमध्ये बसल्याबसल्या क्रेनवाल्याला दरदरून घाम फुटला. लेकीनं दिलेलं घड्याळ सकाळी बासष्ट मीटर उंची दाखवत होतं, आता एकाहत्तर. क्रेन थोडीच वाढते! "हवेचा दाब घसरला की आकडा चढतो, बाबा," लेकीनं बजावलं होतं. म्हणजे वादळ! त्यानं वॉकीटॉकीवर मुकादमाला सांगितलं. "आभाळ तर लख्ख आहे. घड्याळ म्हणालं म्हणून काम थांबवू?" मुकादम हसला. क्रेनवाला हूक रिकामा करून शिडीवरून उतरू लागला. निम्म्यावर पोहोचला तोच वाऱ्याचा पहिला तडाखा बसला. क्रेनचा आडवा दांडा करकरला आणि त्याला आठवलं. घाईत दांड्याचा ब्रेक सोडायचाच राहिला! दांडा वाऱ्याबरोबर मोकळा फिरला नाही, तर अख्खी क्रेन खालच्या शेडवर कोसळणार. दुपारच्या सुट्टीत आत सगळे कामगार जेवत होते. मनगटावरचा आकडा पुन्हा वाढू लागला. या वेळी क्रेनवालाच चढत होता.