धनाचं जावळ

कोयनानगरला भूकंपाचे धक्के बसायचे तेव्हा फळीवरची भांडी वाजायची आणि माझा धाकटा भाऊ धना टाळ्या पिटून हसायचा. नुकतंच त्याचं जावळ काढलं होतं. एकदा धक्के थांबेनात, म्हणून आईनं आम्हा दोघांना थंडीत अंगणात निजवलं. धनाची छाती भरली आणि आठवड्याभरात तो गेला.

"म्याच मारलं त्याला," आई अजून म्हणते.

रोगप्रतिकारशक्तीच्या जनुकांवर संशोधन करण्यात माझा जन्म गेला, तो या एका वाक्यापायी. आईनं डबीत जपलेल्या जावळातले चार केस यंदा मी प्रयोगशाळेत नेले होते. डबी परत देताना तिला म्हटलं, "आई, थंडीनं काही झालं नव्हतं. रोगाशी झगडायची ताकदच त्याच्या अंगात नव्हती. जन्मापासून रक्तात खोट होती."

"कुठनं आली ती?"

एवढंच सांगायचं नाही असं ठरवून मी आले होते. पण ती बघत होती.

"तुझ्याकडून. तुला कळणार तरी कसं? बायकांना तिचा त्रास होत नाही, पोरग्यांना होतो. माझ्यातसुद्धा आहे ती."

आई किती तरी वेळ डबीतल्या जावळावरून बोट फिरवत राहिली. मग माझा हात ओढून तिनं मांडीवर घेतला.

"मंजी धनाचं कायतरी ऱ्हायलंय म्हण की तुज्यात."