साडेदहा

साडेदहाला पाच मिनिटं कमी असताना मास्तरणीने भिंतीवरच्या घड्याळाकडे तिसऱ्यांदा पाहिलं. हॉलमध्ये सत्तर मशीनं खडखडत होती आणि सत्तर बायका मान खाली घालून शर्ट शिवत होत्या. पण आज कुणाचंच चित्त टाक्यावर नव्हतं. साडेदहाला सगळ्यांनी एकदम पायडलवरचा पाय उचलायचा होता.

घोषणा नाहीत, भांडण नाही. नुसता पाय उचलायचा आणि हात मांडीवर ठेवून बसायचं. काजं करणाऱ्या बाईच्या बोटात सुई गेली, ती अर्धा दिवस दवाखान्यात गेली, आणि दुसऱ्या दिवशी तिला फाटकावरूनच परत पाठवलं. तिला कामावर घेईपर्यंत काम बंद, असं ठरलं होतं. ती आत्ताही फाटकाबाहेर उभी होती, मशीनं कधी थांबतात ते ऐकायला.

साडेदहाची वेळ मास्तरणीनेच काढली होती. तीही इतरांसारखी शिवणारीच, कॉलरवरची; पण जेवणाच्या सुट्टीत बायकांना चार गोष्टी समजावून सांगायची, म्हणून तिला मास्तरीण नाव पडलं होतं. एकदा कापड कापायच्या टेबलावर खडूने लांबलचक रेघ ओढून तिने विचारलं होतं, "आठ वाजता आपण बसतो. साडेदहापर्यंत आपल्या पगाराइतकं काम होऊन जातं. त्यापुढे संध्याकाळपर्यंत शिवतो, ते कुणासाठी?" बायका त्या रेघेकडे बघतच राहिल्या. गुंड्या लावणारी म्हणाली होती, "म्हणजे साडेदहाला घरी जाऊन झोपलं तरी चालेल की!" हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली होती.

आज सकाळी मात्र मॅनेजरने मास्तरणीला आत बोलावलं. बसायला खुर्ची दिली, वीस वर्षांत पहिल्यांदा. टेबलावर तिच्या लेकीच्या नावाचं पत्र होतं. लेक पॅकिंगला तीन वर्षं हंगामी होती. दर सहा महिन्यांनी घरी बसवायचे, आणि पुन्हा बोलावतील की नाही या धास्तीने पोरीच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

"कायम केल्याचं पत्र आहे," मॅनेजर म्हणाला. "सही तेवढी राहिलीय. दुपारी करतो."

त्याने पत्र मास्तरणीकडे सरकवलं.

"बाई, तुम्ही कुणाला काही सांगू नका, कुणाला अडवू नका. फक्त साडेदहाला तुमचं मशीन चालू राहू दे. एका मशीनने काय होणार आहे?"

बातमी आत पोचली होती तर. जागेवर येईपर्यंत तिने नाही म्हणायचं ठरवलं. मग हो म्हणायचं ठरवलं. मग पुन्हा नाही.

काटा सहावर आला. गुंड्या लावणारी उठून उभी राहिली आणि तिने हात वर केला.

पाय उचलले गेले. आधी पुढची रांग थांबली, मग मधली, मग खिडकीकडची. हॉल असा शांत झाला की छताच्या पंख्याची कुरकुर ऐकू यायला लागली.

आणि त्या शांततेत एक मशीन चालू होतं.

एवढी कॉलर पुरी करते आणि थांबते, असं मास्तरीण मनाशी म्हणत होती. टोक आलं, तिने कापड फिरवलं. कॉलर पुरी झाली. हात आपसूक दुसऱ्या कॉलरकडे गेला. मान वर करायचा तिला धीर होईना. आता कुणीतरी ओरडेल, शिवी हासडेल, याची ती वाट बघत होती. खरं तर तिला तेच हवं होतं. कुणी खडसावलं असतं, तर पाय उचलला गेला असता.

कुणी ओरडलं नाही. मागे नुसती कुजबुज झाली.

"अगं, मास्तरीणबाई चालवतायत."

"आं? मग रद्द झालं वाटतं."

"सकाळी आत बोलावलं होतं ना त्यांना. काहीतरी बोलणं झालं असणार."

"त्या चालवतायत म्हणजे काही विचार करूनच. चला गं, लागा कामाला."

मागच्या रांगेत एक मशीन सुरू झालं. मग दोन. मग अख्खी रांग. गुंड्या लावणारी अजून हात वर धरूनच उभी होती. तिने मास्तरणीकडे पाहिलं, चारी बाजूंना पाहिलं, हात खाली घेतला आणि मुकाट्याने बसली. दोन मिनिटांत हॉल पूर्वीसारखा खडखडू लागला.

खिडकीतून फाटक दिसत होतं. पट्टी बांधलेला हात छातीशी धरून काजं करणारी बाई थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग वळली आणि रस्त्याला लागली.

शेजारच्या मशीनवरची मास्तरणीकडे वाकली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट जीव भांड्यात पडल्यासारखी दिसत होती.

"बरं झालं बाई, तुम्ही वेळेवर सावरलंत. आम्ही आपल्या बसून राहिलो असतो वेड्यासारख्या. काय ठरलं ते सुट्टीत नीट समजावून सांगा हं, नेहमीसारखं."

मास्तरणीने मान हलवली. मग तिने पायडलवरचा पाय उचलला आणि हात मांडीवर ठेवून ती बसून राहिली.

एकोणसत्तर मशीनं चालू होती. तिचं थांबलेलं कुणालाच ऐकू आलं नाही.