टाकीचं झाकण

टेंभीपाड्याच्या चढावर मोटरसायकलीने दम सोडला, आणि चंद्रप्रकाशला पाच आठवड्यांत पहिल्यांदा आनंद झाला. आजवर ही बया फक्त तिच्या मालकाला, अनंताला, त्रास द्यायची. चंद्रप्रकाशच्या हातात आली की गरीब गाय. आज मात्र तिने त्याच्याच बुडाखाली, भर रस्त्यात मान टाकली होती.

गाडी जुनी, टू-स्ट्रोक. असल्या गाड्यांचा भांडुपमध्ये आता एकच डॉक्टर उरलाय, असं लोक म्हणत. लोक म्हणाले नाहीत तर चंद्रप्रकाश स्वतः म्हणत असे. अनंता त्याचा शाळेपासूनचा दोस्त, मासळीचा धंदा करणारा. दर शनिवारी तो गाडी आणून लावायचा आणि एकच रड सांगायचा. पंधरा मिनिटं झकास पळते, मग मरते, थोडं थांबलं की पुन्हा चालू. चंद्रप्रकाशने प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, पॉइंट घासले, सायलेन्सरमधली काजळी जाळून काढली. गल्लीतून एक फेरी मारली की गाडी ठणठणीत. अनंताकडे गेली की परत तेच.

घरी सुलक्षणाने, म्हणजे त्याच्या बायकोने, टुमणं लावलं होतं. हात थकले तुमचे, गॅरेज बंद करा. पहिल्यांदा तो हसला. चौथ्या शनिवारी मात्र चिडून बोलून गेला, की पुढच्या शनिवारपर्यंत दोष सापडला नाही तर शटर कायमचं खाली. ती लगेच ‘ठरलं’ म्हणाली. पंचेचाळीस वर्षं ज्याने पान्याशिवाय काही हातात धरलं नाही, त्याने घरी बसून करायचं काय, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. तो शनिवार आजचा.

गाडी कडेला घेऊन तो विचार करू लागला. आज आपण वेगळं काय केलं? एकच गोष्ट. गाडी हातात आली की आधी टाकीचं झाकण उघडायचं, गाडी हलवून पेट्रोलचा आवाज ऐकायचा, मगच किक मारायची. उस्तादाने लावलेली सवय. आज अनंता गाडी लावून बाजारात गेला आणि झाकणाची वेगळी किल्ली त्याच्याच खिशात राहिली. म्हणून झाकण तसंच बंद होतं.

आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. झाकणाला एक बारीक छिद्र असतं. पेट्रोल खाली उतरेल तशी हवा तिथून टाकीत यायला हवी. छिद्र बुजलं की पेट्रोल अडतं आणि इंजिन उपाशी मरतं. झाकण एकदा उघडलं की हवा आत शिरते आणि दुखणं पळतं. म्हणजे पाच आठवडे तो स्वतःच्या हाताने दोष पुसून टाकत होता आणि मग शोधत बसत होता. तो रस्त्यातच एकटा हसला.

थांबत थांबत गाडी गॅरेजवर आणली, तर अनंता स्टुलावर बसलेला. किल्ली मागितली, ती त्याने जरा उशिरानेच काढली. झाकण फिरताच टाकीने फुस्स करून हवा ओढली. चंद्रप्रकाशने झाकण उलटं केलं आणि त्याचं हसू मावळलं. छिद्रात धूळ नव्हती, गंज नव्हता. फुटक्या बादलीला लावतात तसला लगदा होता, बोटाने नीट दाबून बसवलेला.

अनंताला प्लग आणि बल्ब यांतला फरक कळत नसे. हे छिद्र कुठे असतं आणि चंद्रप्रकाश सगळ्यांत आधी झाकणच उघडतो, हे दोन्ही ठाऊक असलेलं माणूस जगात एकच होतं. लग्नानंतर कितीतरी वर्षं सुलक्षणा दुपारची गॅरेजवर येऊन बसायची, हत्यारं हातात द्यायची. त्यानेच तिला कौतुकाने सगळं शिकवलं होतं.

बायको आणि दोस्त. दोघांनी मिळून त्याला निकामी ठरवलं होतं. तो डोकं धरून बसायचा तेव्हा एक चहा करून द्यायची, दुसरा पाठीवर हात ठेवायचा. त्याला रडू यायच्या बेतात होतं, आणि त्याचाच त्याला जास्त राग आला.

“तिने सांगितलं आणि तू केलंस?” त्याने विचारलं. “तू, अनंता?”

अनंताने मान हलवली. नाही म्हणायचा त्याने प्रयत्नसुद्धा केला नाही.

चंद्रप्रकाशने झाकण त्याच्या मांडीवर टाकलं. दोष सापडलाय, हे हात अजून चालतात, शटर खाली जाणार नाही, जाऊन सांग तिला, असं तो एका दमात बोलून गेला.

अनंता जागचा उठला नाही. विशाल आठवतो का, एवढंच त्याने विचारलं. आठवत होता. कुरिअरवाला पोरगा, दोन महिन्यांपूर्वी त्याच्या गाडीचं मागचं चाक काढून ब्रेक बसवून दिला होता. नंतर फिरकला नाही. गावी गेला, असं सुलक्षणा म्हणाली होती.

“गावी नाही गेला,” अनंता म्हणाला. “त्याच दिवशी कांजूरमार्गच्या पुलावर चाक निसटलं त्याचं. पाय मोडलाय दोन ठिकाणी. तुला कळू द्यायचं नाही म्हणून वहिनी गुपचूप जाऊन येतात त्याच्याकडे.”

शक्यच नाही, चंद्रप्रकाश म्हणाला. चाकाचा नट आवळून, तो सुटू नये म्हणून त्यात घालायची पिन आपण स्वतःच्या हाताने घातली होती, वाकवलीही होती. त्याला लख्ख आठवत होतं.

“पिन तुझ्या शर्टाच्या खिशात होती, चंदू,” अनंता म्हणाला. “वहिनींना कपडे धुताना सापडली.”