तेलाची परतवाट

लोहा गाव मागे पडले आणि आरशात धूर दिसला. आधी एक फिकट रेघ, मग निळसर पट्टा. मागून येणारी एसटी त्यात क्षणभर पुसट झाली.

अंबरीशने आपली गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केल्यावरही त्याचे हात स्टिअरिंगवरून निघेनात. नांदेडहून निघताना त्याने एकच अट घातली होती. लातूरपर्यंत गाडी विनातक्रार गेली, तर पंचशीलाने बसवलेला, इंजिनाची ताकद वाढवणारा टर्बो राहील. नाही तर पुण्याहून तयार किट येईल, आणि ते बसवणाराही पुण्याचाच असेल.

पंचशीला खाली उतरली. सायलेन्सरच्या तोंडाशी फडके धरून तिने ते पाहिले. काळे, ओले तेल.

भंगारातल्या डिझेल जीपचा तो टर्बो या लहानशा पेट्रोल गाडीत बसावा म्हणून तिने चार महिने आपल्या शेडमध्ये घालवले होते. प्रत्येक जोड तिने स्वतः वेल्ड केला होता. हे काम टिकले, तर शेडपुढे गाड्या लागतील. बिघडले, तर पुन्हा खिडक्यांच्या जाळ्या आणि लोखंडी गेट.

तिने बॉनेट उघडले. कुठे पाहायचे ते तिला ठाऊक होते, म्हणून तेवढी जागा सोडून ती सगळीकडे पाहत राहिली.

मागच्या सीटवरून तिचे वडील आनंदराज उतरले आणि शेजारी येऊन उभे राहिले. तीस वर्षे त्यांनी अर्धापूरच्या केळीच्या बागांना पाइपलाइनी टाकल्या होत्या. टर्बोतले तेल इंजिनात परत नेणारी नळी त्यांनी वळवली होती. कोणी न सांगता, हौसेने. एवढी तरी माझ्या हातची असू दे, म्हणाले होते. नळी टर्बोपासून निघून डौलदार वळसा घेत थोडी वर चढत होती, मग खाली उतरत होती. बागेत ती चालली असती. तिथे मागे मोटर असते, पाणी चढ चढून जाते. टर्बोतून सुटलेल्या तेलामागे कसलाच जोर उरलेला नसतो. त्याला फक्त उतरता येते. चढ आला की ते मागे तुंबते आणि धूर होऊन बाहेर पडते.

तो वळसा तिने त्याच संध्याकाळी पाहिला होता. वडील नळी शर्टाच्या टोकाने पुसत होते. छान झाली, एवढेच ती म्हणाली होती.

अंबरीश बॉनेटवर वाकला. लातूरच्या एका क्लासमध्ये तो भौतिकशास्त्र शिकवत असे. त्याला फार वेळ लागला नाही.

"द्रव उताराकडे वाहतो, हे अकरावीच्या पोरांनाही कळतं," तो म्हणाला. "हा चढ कोणी काढला?"

त्याच्या हातातल्या फोनवर किटचे चित्र उघडेच होते. चकचकीत तुकडे ओळीने मांडलेले, प्रत्येकाला क्रमांक. तिथली नळी कोणी वळवली, हे कोणाला विचारावे लागत नाही.

"मी," पंचशीला म्हणाली.

तो चिडला नाही, आणि तेच तिला अधिक जड गेले. या गाडीत माझी मुलगीही बसते, एवढेच तो हळू आवाजात म्हणाला आणि पुण्याचा नंबर शोधू लागला.

तिने पिशवीत हात घातला. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचा एक जाड काळा रबरी पाइप बाहेर काढला. दोन्ही टोके स्वच्छ कापलेली, त्यांवर क्लिपा चढवलेल्या. अर्ध्या तासात बदलते, ती म्हणाली.

अंबरीश पाइपकडे पाहत राहिला.

"मापाचा कापून आणलाय. म्हणजे तुम्हाला माहीत होतं, मॅडम. माहीत असून तुम्ही मला या गाडीत बसवलंत."

त्याचा अंगठा नंबरवर येऊन थांबला.

जणू परक्या माणसाने यावे तसे आनंदराज पुढे झाले. त्यांनी तिच्या हातातला पाइप घेतला, वितीने मोजला. मग गाडीतल्या आपल्या नळीच्या दोन टोकांमध्ये वीत धरली. माप नेमके होते. त्यांनी एकदा मुलीकडे पाहिले. ती रस्त्याकडे पाहत होती.

"सर, फोन ठिवा," ते म्हणाले. "नळी माझी हाय. पोरीनं तव्हाच सांगितलं व्हतं, वळसा नको म्हणून. म्या आयकलं न्हाई. आता बापाम्होरं ती किती बोलंल?"

पंचशीला त्यांना वळशाविरुद्ध एक शब्दही बोलली नव्हती.

अंबरीशने दोघांकडे आळीपाळीने पाहिले. फोन खिशात टाकला.

"अर्धा तास. त्यानंतर लातूरपर्यंत मी रस्ता कमी आणि आरसा जास्त बघणार आहे."

इंजिन निवेपर्यंत ते थांबले. मग चाकांना दगड लावून, जॅकवर गाडी उचलून आनंदराज खाली सरकले. त्याआधी पंचशीलाने सरकायला सुरुवात केली होती. त्यांनी तिला हाताने थांबवले. क्लिपा सुटल्या. वळशात तुंबलेले तेल त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले. नळी त्यांनी न पुसता गवतावर ठेवली.

नवा पाइप खालून वर आला. ताठर रबर मधोमध वर उचलले जात होते.

"मला हितून चढ दिसंना," खालून आवाज आला. "तू वरून सांग, माय."

ती इंजिनवर वाकली. पाइपभोवती त्यांची तेलकट बोटे तेवढी दिसत होती, तिच्या शब्दासाठी थांबलेली.

"खाली घ्या, बाबा." पहिल्यांदा ते खालपर्यंत पोहोचले नाही. तिने पुन्हा म्हटले. बोटे जराशी हलली.

"अजून खाली."